पेंढा मुरवताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

भाताची झोडणी आटोपली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की वाळलेल्या वैरणीविषयीची पत्रे दरवर्षी वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न पेंढा आणि काड मुरवून जनावरांना घालण्याविषयी असल्यामुळे हे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न: शेजाऱ्यांनी केलेला मक्याचा मुरघास पाहून मीही भाताच्या पेंढ्याची कुट्टी केली, तिच्यावर गुळाचे पाणी शिंपडले आणि ती प्लास्टिकच्या कागदाखाली दाबून ठेवली. दीड महिन्याने कागद काढला तेव्हा आत पांढरी-काळी बुरशी आणि कुबट वास होता. माझ्याकडे दोन म्हशी आणि एक गाय आहे. माझे नेमके काय चुकले? (एक शेतकरी, मावळ तालुका)

उत्तर: आपली मेहनत वाया गेली याचे वाईट वाटते, कारण आपण केलेली प्रत्येक कृती मुरघासासाठी योग्य होती, ज्या वैरणीवर ती केली ती वैरण मात्र मुरघासाची नव्हती. मका दाणा चिकात असताना कापला, तर त्यात ६५ ते ७० टक्के पाणी आणि पुरेशी साखर असते. हवा कोंडली गेली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्या साखरेवर वाढतात, सामू (आंबटपणा दाखवणारा pH हा अंक; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.२ च्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतो, आणि त्या आंबटपणात कुजवणारे जिवाणू तग धरत नाहीत. मुरघास टिकतो तो असा स्वतःच्या आंबटपणावर.

भाताच्या पेंढ्यात हे घडायला मुळात साखरच नसते. दाणा भरत असताना ताटातील बहुतेक सत्त्व लोंबीत जाते आणि मागे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन (काडीला कडक करणारा, न पचणारा पदार्थ) व भरपूर सिलिका उरते. आपण शिंपडलेला गूळ एवढ्या मोठ्या ढिगाला आंबवायला पुरणारा नव्हता. शिवाय पेंढ्याच्या काड्या पोकळ असल्यामुळे तो कितीही तुडवला तरी त्यांच्यात हवा राहतेच. ओलावा आहे, हवा आहे आणि आंबटपणा नाही, ही स्थिती बुरशीला सर्वांत सोयीची असते. तो ढीग जनावरांना घालू नका. बुरशीतील विषाचा त्रास जनावराला होतोच, आणि अफ्लाटॉक्सिनसारखे विष त्याच्या शरीरात रूप बदलून दुधातही उतरते.

वाळलेल्या पेंढ्यासाठी वाट निराळी आहे आणि ती आंबटाच्या अगदी उलट दिशेने, म्हणजे अल्कलीच्या बाजूने जाते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत वैरणीची टंचाई पडली, तेव्हा अर्न्स्ट बेकमन या रसायनशास्त्रज्ञाने काड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवून मऊ करण्याची पद्धत काढली. ती परिणामकारक होती. परंतु काड नंतर धुवावे लागे आणि त्या पाण्याबरोबर बरेच सत्त्वही वाहून जाई. आज आपण तेच काम अमोनियाकडून करून घेतो आणि तो अमोनिया युरियातून मिळवतो. युरियाचे पाणी पेंढ्यात मुरले की पेंढ्यावर मुळातच असलेल्या सूक्ष्म जिवाणूंचे युरियेज नावाचे विकर (एन्झाइम) युरियाचे विघटन करून अमोनिया सोडते. तो कागदाखाली कोंडून राहिला की लिग्निन आणि हेमिसेल्युलोज यांना जखडून ठेवणारे बंध सुटू लागतात, काडी फुगते, आणि जनावराच्या कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातील) जिवाणूंना आत शिरायला जागा मिळते. दुसरे असे की, थोडा नत्र पेंढ्यातच राहतो आणि तो त्या जिवाणूंचे अन्न होतो. तिसरी गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट निगडित आहे: अमोनिया बुरशीला वाढू देत नाही. आपला ढीग ओला होता, पण त्यात आम्ल तयार झाले नव्हते आणि अमोनियाही नव्हता. त्याला राखणदारच नव्हता, असे म्हणता येईल.

प्रश्न: युरियाचे प्रमाण एक जण २ किलो सांगतो, दुसरा ४ किलो सांगतो, तिसरा गूळ आणि मीठ मिसळायला सांगतो. खरे प्रमाण कोणते, आणि प्रत्यक्ष कृती कशी करावी? (एक वाचक, गोंदिया जिल्हा)

उत्तर: आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगितल्या गेल्या आहेत, म्हणून हा घोटाळा झाला आहे. २ किलो युरिया, गूळ, मीठ आणि खनिज मिश्रण पाण्यात कालवून वैरणीवर शिंपडणे आणि ती लगेच खाऊ घालणे, हे वैरण सकस करणे झाले. त्यात काडी मऊ होत नाही, आणि युरिया न बदलता थेट पोटात जात असल्यामुळे जोखीमही अधिक असते. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हवाबंद ठेवून करायच्या प्रक्रियेचे प्रमाण १०० किलो वाळलेल्या पेंढ्याला ४ किलो युरिया आणि ५० ते ६० लिटर पाणी, असे आहे. पेंढ्यात स्वतःचा सुमारे १० टक्के ओलावा असतो. त्यात ५० लिटर पाणी घातले की ढिगाचा ओलावा ४० टक्क्यांच्या जवळ जातो, आणि युरियाचे विघटन होण्यासाठी तेवढा ओलावा लागतो. पाणी वाचवण्यासाठी कमी घातले तर युरिया तसाच पडून राहतो. फार जास्त घातले तर तळाशी पाणी साचून तो भाग सडतो.

यात गूळ घालू नका. साखर आणि अमोनिया बंद जागेत, उष्णतेत एकत्र आले की त्यांच्यापासून अपायकारक संयुगे तयार होऊ शकतात, आणि अशी वैरण खाल्लेल्या गाईचे दूध पिणारी वासरे बिथरल्यासारखी धावत सुटल्याची उदाहरणे परदेशात नोंदली गेली आहेत. हिरव्या किंवा अर्धवट सुकलेल्या गवतावर युरिया प्रक्रिया करू नये, यामागचे कारणही हेच.

आता कृती. आपल्याकडे तीन मोठी जनावरे आहेत असे धरू. प्रत्येकी ५ ते ६ किलो पेंढा रोज लागला, तर ५०० किलोचा ढीग सुमारे महिनाभर पुरतो, म्हणून सुरुवात तेवढ्यानेच करावी. गोठ्याजवळ उंचवट्याची, पाणी न साचणारी जागा निवडून तिच्यावर प्लास्टिकचा कागद अंथरावा. पेंढ्याची कुट्टी केलेली असेल तर उत्तम. ती घट्ट बसते. वजनकाट्यावर १०० किलो पेंढा मोजून त्यातला थोडा थोडा वीतभर जाडीच्या थरात पसरावा. पिंपात ५० लिटर पाणी घेऊन त्यात ४ किलो युरिया पूर्ण विरघळवावा (हात घातल्यावर पाणी थंडगार लागते, कारण विरघळताना युरिया उष्णता शोषतो), आणि ते पाणी झारीने प्रत्येक थरावर सारखे शिंपडावे. फवारणीचा पंप वापरायचा झाल्यास ज्यात कधीही कीटकनाशक भरलेले नाही असाच पंप घ्यावा. धुतलेल्या पंपावर विसंबू नये. शिंपडलेला थर उलथापालथ करून पायांनी चांगला तुडवावा आणि मग पुढचा थर पसरावा. पुढच्या १०० किलोंसाठी पाणी आणि युरिया पुन्हा नव्याने मोजून घ्यावे. सगळा २० किलो युरिया एकदम पिंपात ओतला, तर खालचे थर तिखट आणि वरचे कोरडे राहतात, आणि पुढचे सारे दुखणे तिथूनच सुरू होते.

ढीग पुरा झाल्यावर वरून कागद घालून त्याची कड तळाच्या कागदाबरोबर दुमडावी, तिच्यावर माती लोटावी आणि माथ्यावर जड लाकडे किंवा दगड ठेवावेत. कागदाला उंदराने पाडलेले करंगळीएवढे भोकही चालत नाही, कारण अमोनिया तिथून निसटतो आणि त्या भोकाभोवती परातीएवढा भाग बुरशीने जातो. उन्हाळ्यात आणि एरवी २१ दिवस पुरतात. पूर्व विदर्भातील कडक थंडीत ढीग २८ दिवस ठेवावा, कारण थंडीत विकराचे काम मंदावते.

ढीग साधला की नाही हे उघडताक्षणी कळते. कागदाची कड उचलताच डोळ्यांत पाणी येईल इतका उग्र वास आला पाहिजे, म्हणून कागद उघडताना वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे. पेंढ्याचा फिकट पिवळा रंग जाऊन तो गडद पिवळा ते तपकिरी झालेला असतो, आणि मुठीत धरून पिळला तर ओल्या सुतळीसारखा वळतो, कडकन मोडत नाही. त्या दिवशी लागेल तेवढाच एका बाजूने काढून कागद पुन्हा दाबावा. काढलेला पेंढा तास-दीड तास मोकळ्या हवेत पसरून वास ओसरल्यावरच गव्हाणीत घालावा.

जनावर पहिल्या दिवशी तोंड फिरवते. त्याला इलाज नाही. एक हिस्सा मुरवलेला आणि तीन हिस्से साधा पेंढा मिसळून सुरुवात करावी आणि ८-१० दिवसांत प्रमाण वाढवत न्यावे. सवय झाली की साध्या पेंढ्यापेक्षा जनावरे मुरवलेला पेंढा अधिक खातात, आणि या प्रक्रियेच्या फायद्याचा मोठा वाटा या वाढलेल्या खाण्यातच आहे.

प्रश्न: आमच्याकडे गव्हाचे काड पुष्कळ आहे. यजमान त्यावर युरियाची प्रक्रिया करणार आहेत, पण सासूबाई म्हणतात की, खत जनावराच्या पोटात घालणे पाप आहे आणि ते विषही आहे. मलाही भीती वाटते. काय करावे? (एक गृहिणी, निफाड तालुका)

उत्तर: सासूबाईंची भीती निराधार नाही, म्हणून तिचे उत्तर पूर्ण द्यायला हवे. न बदललेला युरिया एकदम पोटात गेला तर तो खरोखरच विष आहे. कोटीपोटात त्याचा अमोनिया इतक्या झपाट्याने होतो की जिवाणूंना तो वापरता येत नाही. तो रक्तात उतरतो आणि यकृताच्या आवाक्याबाहेर जातो. अर्ध्या-पाऊण तासातच लाळ गळणे, अंग थरथरणे, पोट फुगणे, झोकांड्या जाणे ही लक्षणे दिसू लागतात आणि जनावर काही तासांत दगावू शकते.

मात्र अशा घटना मुरवलेल्या काडामुळे क्वचितच घडतात. मी स्वतः पाहिलेल्या तिन्ही घटना पिंपामुळे घडल्या होत्या. एका गोठ्यात दुपारच्या जेवणासाठी माणसे उठली तेव्हा युरियाचे पाणी अर्ध्या बादलीत तसेच राहिले, दावे सुटलेली वर्षभराची कालवड ते पाणी प्यायली आणि मी पोहोचेपर्यंत ती आडवी झाली होती. ती वाचली नाही. घरच्या बाईने ती कालवड बाटलीने दूध पाजून वाढवली होती. त्या दुपारी त्या अंगणात कोणीच काही बोलले नाही. म्हणून माझा आग्रह आहे की, युरियाचे पाणी करण्यापूर्वी सगळी जनावरे बांधून घ्यावीत, पाणी शिंपडून संपेपर्यंत एका माणसाने तिथून हलू नये, आणि पिंप व बादल्या धुतल्यावर ते पाणीही डबक्यात साचू देऊ नये. युरियाचे पोते मिठाच्या किंवा खुराकाच्या पोत्याशेजारी ठेवू नये.

काडाचे म्हणाल तर २१ दिवसांत युरियाचा बराचसा भाग अमोनियात बदललेला असतो, हवेवर पसरल्यावर मोकळा अमोनिया उडून जातो, आणि उरलेला नत्र काडात विखुरलेला असल्यामुळे तो पोटात हळूहळू पोहोचतो. तरीही काही पथ्ये पाळावीतच. ६ महिन्यांखालील वासरांना हे काड घालू नये, कारण त्यांचे कोटीपोट अजून तयार झालेले नसते. घोडा, गाढव, डुक्कर यांच्यासाठी ते नाही. उपाशी जनावराला एकदम भारा टाकू नये. आणि या काडाबरोबर कच्च्या सोयाबीनचा भरडा देऊ नये. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियेज विकर भरपूर असते आणि राहिलेल्या युरियाचा अमोनिया ते पोटात फार वेगाने करते.

विषबाधेची शंका आली तर पशुवैद्यकाला फोन करावा आणि तो येईपर्यंत, जनावर शुद्धीवर असेल व नीट गिळत असेल तरच, मोठ्या जनावराला २ ते ४ लिटर व्हिनेगर भरपूर थंड पाण्यात मिसळून सावकाश पाजावे. व्हिनेगरच्या आम्लामुळे अमोनिया रक्तात शोषला जाण्याचे प्रमाण घटते आणि थंड पाण्यामुळे विकर मंदावते. ज्या घरी ही प्रक्रिया करायची आहे तिथे व्हिनेगरच्या बाटल्या आधी आणून ठेवाव्यात.

पाप-पुण्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण गाईच्या कोटीपोटातले जिवाणू नत्रापासून स्वतःचे शरीर घडवतात आणि गाय पुढे तेच जिवाणू पचवून त्यांची प्रथिने मिळवते. गाय काडावर जगू शकते ती या जिवाणूंच्या आधारावर, एवढे सासूबाईंना सांगून पाहावे.

प्रश्न: ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचे कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) यांवरही हीच प्रक्रिया करावी का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर: करू नये. चांगला, वेळेवर कापलेला आणि पावसात न भिजलेला कडबा जनावरे मुळात आवडीने खातात; त्याची कुट्टी केली की नासाडी थांबते आणि तेवढे पुरे आहे. वैरण जितकी निकृष्ट, तितका या प्रक्रियेचा फायदा अधिक, हा साधा हिशेब आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या कुटारावर अमोनियाचा परिणाम तृणधान्यांच्या काडापेक्षा कमी होतो, म्हणून तो खर्च टाळावा आणि कुटार कुट्टीत मिसळून घालावे. आपला युरिया भात, गहू आणि जुन्या, कडक झालेल्या बाजरीच्या सरमाडासाठी राखून ठेवावा.

प्रश्न: बाजारात जिवाणूंच्या कल्चरच्या बाटल्या मिळतात. ते कल्चर पेंढ्यावर शिंपडले की आठ दिवसांत पेंढा हिरव्या चाऱ्यासारखा होतो, असे विक्रेता सांगतो. यात तथ्य किती? (एक दूध उत्पादक, सांगली जिल्हा)

उत्तर: लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंचे कल्चर मुरघासात उपयोगी पडू शकते, कारण तिथे त्यांना खायला साखर असते. वाळलेल्या पेंढ्यात ती नाही, आणि हे जिवाणू लिग्निन तोडू शकत नाहीत. लिग्निन खऱ्या अर्थाने तोडतात त्या काही पांढऱ्या कुजीच्या बुरशी, ज्यांच्यात धिंगरी अळिंबीही येते. परंतु त्या लिग्निनबरोबर सेल्युलोजवरही ताव मारतात. पेंढ्याचे वजन घटते आणि जनावराच्या वाट्याला यायची ऊर्जा बुरशीच खाऊन टाकते. शिवाय हवी तीच बुरशी वाढावी म्हणून पेंढा आधी निर्जंतुक करावा लागतो, आणि हे गोठ्यात शेकडो किलोंवर करणे परवडत नाही. वाळलेली काडी कशानेही पुन्हा हिरवी होत नाही. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीन, ज्यापासून जनावराला अ जीवनसत्त्व मिळते, ते तिच्यात परत येत नाही. विक्रेत्याला बाटलीतील जिवाणूंची नावे आणि प्रक्रियेआधी व नंतरच्या पेंढ्याचे प्रयोगशाळेतील पृथक्करण मागावे. ते मिळाले नाही तर त्या पैशांचे खनिज मिश्रण घ्यावे.

प्रश्न: मुरवलेला पेंढा सुरू केल्यावर पेंड बंद केली तर चालेल का? दूध किती वाढेल? (एक वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर: दुधाचा आकडा मी देणार नाही, कारण तो जनावर, वेत आणि बाकीचा खुराक यांवर ठरतो. हिशेब मात्र मांडून दाखवतो. साध्या पेंढ्यात कच्ची प्रथिने सुमारे ३ टक्के असतात, मुरवल्यावर ती ७ टक्क्यांच्या आसपास जातात. रोज ६ किलो पेंढा खाणाऱ्या म्हशीला आधी १८० ग्रॅम मिळत होती, आता ४२० ग्रॅम मिळतील. वाढलेले २४० ग्रॅम म्हणजे २० टक्के प्रथिनांच्या सव्वा किलो पशुखाद्याइतके झाले, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात हे वाढलेले आकडे बव्हंशी अमोनियाच्या नत्राचे आहेत. त्याची प्रथिने करायला कोटीपोटातील जिवाणूंना ऊर्जा लागते, आणि ती धान्याच्या भरड्यातून, कोंड्यातून किंवा हिरव्या चाऱ्यातून यावी लागते. म्हणून पेंड एकदम बंद करू नये. भाकड म्हैस, बैल किंवा ३-४ लिटर दूध देणारी गाय यांचा खुराक काही प्रमाणात कमी करता येतो. १० लिटरच्या गाईचा नाही.

भाताच्या पेंढ्याबाबत आणखी एक सांगायचे आहे. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकते, आणि मुरवल्याने ही उणीव भरून निघत नाही. त्यामुळे रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि निदान ५ किलो हिरवा चारा, मग तो बांधावरचे गवत असो वा शेवरीचा पाला, द्यायलाच हवा. खर्चाचे पाहिले तर युरियापेक्षा प्लास्टिकचा कागद आणि मजुरी महाग पडते. ही पद्धत आपल्या देशात चार दशकांहून अधिक काळ शिकवली जात असूनही घरोघरी पोहोचली नाही, त्याचे मुख्य कारण माझ्या पाहण्यात तरी हेच आहे. ज्यांच्याकडे बारमाही हिरवा चारा आहे त्यांनी यात पडू नये. ज्यांच्याकडे फाल्गुनापासून आषाढापर्यंत पेंढ्याशिवाय काही नसते, त्यांना मात्र हा कागद एका उन्हाळ्यात परवडतो, आणि जपून ठेवला तर पुढच्या वर्षीही वापरता येतो.

प्रश्न: ढीग उघडल्यावर बहुतेक पेंढा चांगला आहे, पण कडेला दोन ठिकाणी काळे पुंजके दिसतात. सगळा टाकावा लागेल का? (एक शेतकरी, संगमेश्वर तालुका)

उत्तर: नाही. काळ्या किंवा पांढऱ्या पुंजक्याच्या भोवतीचा हातभर पेंढाही त्याच्यासोबत काढून उकिरड्यावर टाकावा. जनावरांखाली अंथरूण म्हणूनही तो वापरू नये, कारण ती अंथरूणही चघळतात. राहिलेल्या भागाला अमोनियाचा वास असेल तर तो वापरता येईल. वासच नसेल, तर कागद कुठे फाटला आहे ते आधी शोधावे आणि तो भाग जनावरांपुढे टाकू नये.